गोळ्यांची पिशवी काउंटरवर ओता: दुष्परिणाम आणि औषधांचं आपसातलं वैर कसं पकडायचं

गेल्या पावसाळ्यात एक बाई दुकानात आल्या. "सासूबाईंचे पाय सुजलेत. ती लघवी साफ होण्याची गोळी असते ना, ती द्या. शेजारच्या काकांना लागू पडली." मी विचारलं, आजी आणखी काय काय घेतात? "बीपीचं घेतात. बाकी काही नाही." दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं घेऊन यायला सांगितलं, तर काउंटरवर अकरा पट्ट्या, दोन बाटल्या आणि एक कागदाची पुडी निघाली.

मेडिकलमध्ये बसून हे रोज बघतो. लोकांचं चुकतं ते क्रमात. आधी गोळी बंद करतात किंवा नवी सुरू करतात, मग विचारायला येतात. आणि विचारतात तेही एकाच गोळीबद्दल: "ही बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना?" बाकीच्या दहा गोळ्या घरी ठेवून विचारलेल्या या प्रश्नाला खरं उत्तर देताच येत नाही. खाली दिलेलं काम एका दुपारी होतं. घरात साठीपुढचं कोणी असेल, किंवा पाचपेक्षा जास्त औषधं चालू असतील, तर ते कराच.

यादी करायला वेळ नसतो तेव्हा

पुढच्यापैकी काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या.

- ओठ, जीभ, चेहरा सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, श्वास लागणं. नव्या औषधाने हे काही मिनिटांत होऊ शकतं. पण रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांमुळे अशी सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. "ही तर जुनीच गोळी आहे" म्हणून तिला वगळू नका.
- तापाबरोबर अंगावर दुखरे चट्टे किंवा फोड, तोंड सोलवटणं, डोळे लाल होणं. फिटची औषधं (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन), युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल आणि सल्फाच्या गोळ्या यांत हे जास्त दिसतं, तेही बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. इथे पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी.
- शुगरच्या रुग्णाला दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण शुगर काही तासांनी पुन्हा खाली येते.

टप्पा १: पिशवी भरा

घरातलं प्रत्येक औषध एका पिशवीत गोळा करा. "औषध" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी येते, म्हणून ठिकाणं सांगतो: देव्हाऱ्याशेजारचा डबा, टीव्हीवरची वाटी, फ्रिजचं दार, आजोबांच्या बंडीचा खिसा, पर्स, गाडीची डिकी.

डोळ्यांचे थेंब घ्या. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब रक्तात उतरतात आणि दम्याच्या माणसाला धाप लावू शकतात. दम्याच्या डॉक्टरांना मात्र त्या थेंबांची खबर नसते. इनहेलर, इन्सुलिन, मलमं, आठवड्यातून एकदा घ्यायचं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, टॉनिक, काढा, चूर्ण, भस्म, वैद्यांची पुडी, सगळं घ्या. "कमी सोडियमचं" मीठ वापरत असाल तर त्याचं पाकीटही टाका, पुढे लागेल. आणि दुखण्याची गोळी. ती हमखास राहते, कारण तिला कोणी औषध मानतच नाही.

कापलेल्या पट्टीचा मोठा घोळ असतो. आम्हीच चार गोळ्या कापून देतो, आणि नाव नेमकं त्या कापात जातं. त्या आजींच्या पिशवीतल्या एका तुकड्यावर "फेनॅक सोडियम ५०" एवढीच अक्षरं उरली होती. सुट्ट्या गोळ्या घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग मागून घ्या, नाहीतर अख्ख्या पट्टीचा फोटो काढा. आठवड्याच्या डबीत गोळ्या भरून रिकाम्या पट्ट्या फेकत असाल, तर प्रत्येकीची एक रिकामी पट्टी जपून ठेवा.

> तपासा: पुडीतल्या सुट्ट्या गोळ्या रंगावरून ओळखू नका. पांढऱ्या गोल गोळ्या शेकड्यांनी आहेत. ज्यांनी दिली त्यांच्याकडून नाव लिहून आणा. नाव मिळेना, तर ती गोळी "अनोळखी" म्हणूनच यादीत लिहा.

टप्पा २: पट्टीमागचं बारीक नाव वाचा

पट्टीवर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत असतं ते औषध. मोबाइलने फोटो काढून मोठा करा आणि औषधाचं नाव व मिलिग्रॅम कागदावर उतरवा. मिश्र गोळी असेल तर आतली सगळी नावं.

इथे बहुतेक घरांत एकच औषध दोनदा सापडतं. तापासाठी पॅरासिटामॉल ६५० तीन वेळा, सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात प्रत्येकी ५०० पॅरासिटामॉल, आणि कंबरेसाठी ॲसिक्लोफेनॅकची गोळी दोन वेळा, तिच्यातही ३२५. बेरीज ४,१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. कृश, म्हाताऱ्या, यकृताचा त्रास असलेल्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाची त्याहूनही कमी. तिन्ही गोळ्या रीतसर घेतल्या, तरी यकृतावरचा भार मर्यादेबाहेर.

बीपीच्या गोळ्यांत नावामागची अक्षरं बघा. टेल्मिसार्टनच्या नावापुढे "एएम" असेल तर आत बहुधा ॲम्लोडिपिन असतं, "एच" असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड. एका डॉक्टरांनी "एएम" दिलेली, दुसऱ्यांनी ॲम्लोडिपिन वेगळं दिलेलं, आणि माणूस दोन्ही घेतोय, असं दर महिन्याला एखादं तरी दिसतं. अक्षरांचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो, त्यामुळे अक्षर बघून थांबू नका, घटक वाचा.

टप्पा ३: तारखांचा तक्ता करा

हा टप्पा लोक गाळतात, आणि उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

वहीचं पान आडवं धरा आणि पाच रकाने आखा: औषध व मिलिग्रॅम, कोणी दिलं आणि कशासाठी, केव्हा सुरू झालं किंवा डोस केव्हा बदलला, लिहून दिलंय कसं, खरोखर घेता कसं. शेवटचा रकाना भरताना रुग्णाला रागवायचं नाही. रागावलात की "वेळेवर घेते हो" एवढंच ऐकू येतं. खाली एक आडवी रेघ मारा, तिच्यावर महिने लिहा आणि त्रास केव्हा सुरू झाला ते मांडा. नक्की तारीख आठवत नसेल तर सणावारी विचारा: वटपौर्णिमेच्या आधी की नंतर? आजींना लख्ख आठवतं.

त्या आजींचा तक्ता असा निघाला:

- टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५: दोन वर्षांपासून, काही त्रास नाही.
- डायक्लोफेनॅक ५० (तो कापलेला तुकडा): मेअखेर गुडघ्यांसाठी नातवाने आणलेली, रोज दोन.
- जूनच्या मध्यावर बीपी वाढलेलं सापडलं, ॲम्लोडिपिन ५ ची १० झाली.
- जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही घोट्यांना सूज.

आता खालून वर वाचा. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, आणि १० मिलिग्रॅमला जास्तच. ॲम्लोडिपिन वाढवलं बीपी चढलं म्हणून. बीपी चढण्याआधी आलं होतं डायक्लोफेनॅक, आणि दुखण्याच्या या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवून बीपी चढवतात. सून मागत होती ती लघवीची गोळी या साखळीतली चौथी कडी झाली असती. ॲम्लोडिपिनची सूज बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे येते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरतही नाही.

रेघ वाचताना हे अंदाज उपयोगी पडतात. पित्ताच्या गांधी मिनिटांत ते तासांत उठतात. रामिप्रिलचा कोरडा खोकला काही आठवड्यांत ते महिन्यांत सुरू होतो, आणि खोकल्याच्या तीन बाटल्या संपल्या तरी हटत नाही. काही गंभीर रिअॅक्शन औषध सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी, ताप, पुरळ आणि गाठींच्या सुजेने येते. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होऊन पायांना मुंग्या येतात त्या वर्षांनी.

> सावधान: मेथोट्रेक्सेट ही सांधेवाताची किंवा सोरायसिसची गोळी आठवड्यातून एकदाच असते. कोणी ती रोज घेत असेल तर तक्ता तिथेच सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोज घेतल्याने तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठीवर आणि डबीवर वाराचं नाव ठळक लिहा: "फक्त सोमवारी".

टप्पा ४: जोड्या तपासा

अकरा औषधांच्या पंचावन्न जोड्या होतात. सगळ्या बघायची गरज नाही. मोबाइलवरची ॲप प्रत्येक जोडीला लाल खूण करतात, आणि माणूस घाबरून सगळंच सोडून देतो. खालच्या ठिकाणी बोट ठेवून बघा; घरोघरच्या बहुतेक भानगडी इथेच असतात.

*मूत्रपिंडावर तिघांचा मारा.* टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांपैकी एक, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांपैकी एक. तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी पडतो. जुलाब-उलट्या चालू असताना तर फारच. त्या सुनेला लघवीची गोळी दिली असती तर हेच त्रिकूट जमलं असतं. टेल्मिसार्टनबरोबर स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पोटॅशियम वाढतं, आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. म्हणून ते पाकीट पिशवीत टाकायला सांगितलं.

*रक्त पातळ करणारी गोळी.* वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल चालू असेल तर कुठलीही नवी गोळी, अगदी पाच दिवसांची असली तरी, विचारल्याशिवाय नाही. जुलाबासाठी सहज घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल, बुरशीची फ्लुकोनॅझोल आणि को-ट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) चढतो आणि रक्तस्राव होतो. पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खायची असते. एरवी न खाणाऱ्याने श्रावणात रोज पालक-मेथी सुरू केली तर आयएनआर खाली येतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी दुखण्याच्या गोळीबाबत रक्तस्रावाची हीच भीती बाळगावी. क्लोपिडोग्रेलबरोबर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल असेल तर तेही विचारा, कारण ते क्लोपिडोग्रेलचा असर कमी करतं.

*शुगरची गोळी आणि उपास.* ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेऊन कडक उपास म्हणजे शुगर खाली येण्याला आमंत्रण. चतुर्थीला गोळी नेहमीसारखी सकाळी आणि जेवण चंद्रोदयानंतर, हे चालत नाही. नवरात्र, रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. लघवीच्या जंतुसंसर्गाला दिलेल्या को-ट्रायमोक्साझोल, लिव्होफ्लॉक्सासिन यांनीही शुगर अचानक उतरते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही. घाम तेवढा येतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

*कोलेस्टेरॉलची गोळी.* ॲटोर्वास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन आली की स्नायू दुखायला लागू शकतात. लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

*झोपेची, खोकल्याची, दुखण्याची.* अल्प्राझोलाम किंवा क्लोनॅझेपामवर खोकल्याचं गुंगी आणणारं औषध, वर रात्री एक पेग, म्हणजे म्हातारपणी खुब्याचं हाड मोडायची तयारी. नैराश्याच्या गोळीबरोबर ट्रामाडॉल घेतल्याने थरथर, ताप, फिटसुद्धा येऊ शकते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी दिली की लघवी तुंबू शकते.

*सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल (व्हायाग्रा).* एक जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी, दुसरी लोक काउंटरवर कुजबुजत मागतात. दोन्ही एकत्र आल्या की बीपी कोसळतं. छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर दुसरीबद्दल डॉक्टरांना सांगाच, बायको शेजारी उभी असली तरी.

*नुसत्या वेळेने सुटणारं भांडण.* थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम आणि लोह चार तास दूर. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध किंवा पोटाच्या पांढऱ्या औषधाबरोबर घेतली तर अंगात उतरत नाही. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. इथे औषध बदलायचं नसतं, फक्त घड्याळ.

*"आयुर्वेदिकच आहे, त्याने काय होतंय."* होतं. ज्येष्ठमध रोज बराच काळ घेतल्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं; लघवीच्या गोळीबरोबर जास्तच. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा भरपूर घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. इसबगोल इतर गोळ्यांबरोबर एकाच वेळी घेऊ नका, दोन तास सोडा.

टप्पा ५: विचारा, पण असं

तक्ता घेऊन आधी आपल्या मेडिकलमधल्या फार्मासिस्टला दाखवा, गर्दी नसेल तेव्हा. दुपारी तीनला या, संध्याकाळी सातला नको. मग तक्ता घेऊन त्या डॉक्टरांकडे जा ज्यांची औषधं जास्त आहेत. प्रश्न असा विचारा: "अमुक तारखेला अमुक सुरू झालं, तमुक तारखेपासून हा त्रास आहे. औषधामुळे असेल का? आणि असेल तर कमी करायचं, बदलायचं, की बंद?" "डॉक्टर, गोळ्या खूप झाल्यात हो" एवढंच म्हणालात तर त्यात एका ॲसिडिटीच्या गोळीची भर पडून परत याल.

संशय मूत्रपिंडाचा असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असेल तर आयएनआर तपासायचं का, तेही विचारा.

> सावधान: यांतलं काहीही आपल्या मनाने अचानक थांबवायचं नाही: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, क्लोनिडिन, काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड, फिटची औषधं (सुरुवातीला सांगितलेले ताप-चट्टे-फोड आले तर गोष्ट वेगळी), स्टेंटनंतरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल, नैराश्याच्या आणि झोपेच्या जुन्या गोळ्या. याउलट, स्वतःच्या मनाने आणलेली दुखण्याची गोळी आज थांबवली तर कोणाची परवानगी लागत नाही.

आजींच्या डॉक्टरांनी तक्ता मिनिटभर बघितला. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्यांना वरून लावायचं मलम आणि लागलं तर पॅरासिटामॉल, बीपी रोज लिहायचं. दहा दिवसांनी बीपी खाली आल्यावर ॲम्लोडिपिन पुन्हा ५. पोळ्यापर्यंत पायांत जुन्या चपला बसायला लागल्या.

टप्पा ६: एका वेळी एकच बदल

दोन गोळ्या एकदम थांबवल्या आणि बरं वाटलं, तर दोषी कोण हे कळत नाही. डॉक्टरांना तसं सांगून एकेक बदल करून घ्या आणि प्रत्येकाची तारीख त्याच तक्त्यावर लिहा.

टप्पा ७: लिहून ठेवा आणि कळवा

ॲलर्जी लिहिताना नुसतं "सल्फा चालत नाही" असं लिहू नका. औषधाचं नाव, कितव्या डोसला, काय झालं, काय करावं लागलं, एवढं लिहा. अमॉक्सिसिलिनने पोट बिघडणं म्हणजे ॲलर्जी नाही, अंगावर गांधी उठून श्वास लागणं म्हणजे ॲलर्जी. हा फरक लिहिला नाही तर माणूस आयुष्यभर एका चांगल्या औषधाला मुकतो, किंवा नको तेच पुन्हा टोचून घेतो. चिठ्ठी पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवा.

दुष्परिणाम सरकारला कळवताही येतो. राष्ट्रीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. "याच गोळीमुळे झालं" अशी खात्री असायची गरज नाही, संशय पुरतो. पट्टी मात्र फेकू नका, बॅच नंबर विचारतात.

पुन्हा कधी करायचं

दवाखान्यातून घरी सोडलं की त्याच संध्याकाळी. डिस्चार्ज कार्डावरची गोळी वेगळ्या कंपनीची असते, घरातली जुनी वेगळ्या नावाची, आत औषध तेच. दोन्ही सुरू राहतात. कार्डावरचं प्रत्येक बारीक नाव जुन्या तक्त्याशी ताडून बघा, आणि जे थांबवलंय त्याच्या पट्ट्या डब्यातून बाहेर काढा. आजी पट्ट्या फेकू देत नाहीत, "पैसे पडलेत त्याला" म्हणतात. मग निदान रबर लावून, वर "बंद" लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि पुढच्या खेपेला दुकानात घेऊन या. न कापलेली, मुदतीतली पट्टी बिलासकट आणली तर बहुतेक दुकानदार परत घेतात. मी घेतो.